ग्वाल्हेरला मुक्काम हलवताना : तीन गावांच्या शहराची ओळख

ग्वाल्हेर हे नाव गोव्यातील वाचकाला किल्ला, गायकी आणि शिंदे घराणे या तीन गोष्टींमुळे परिचित असते. तेथे राहायला जाणाऱ्याची पहिली ओळख मात्र वेगळीच होते. स्थानकाबाहेर येऊन रिक्षावाल्याला ‘ग्वालियर’मधील पत्ता सांगावा, तर तो उलट विचारतो, ‘लश्कर, मुरार, या हजीरा?’ या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे ही या शहरातील पहिली गरज आहे. खोली कोठे घ्यावी, पाणी किती मिळेल, रोजचा प्रवास किती होईल, रात्री-अपरात्री रुग्णालय किती जवळ असेल, या सगळ्याचा निर्णय त्यावर अवलंबून राहतो.

गोव्यातून तेथे जाण्याची निमित्तेही ठरलेली आहेत. १९५७ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचे मुख्यालय (गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था हे याच संस्थेचे केंद्र), अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था, राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आणि शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरील टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाची अकादमी. हवाई दलाचा मोठा तळही येथेच आहे.

प्रवासाचे सांगायचे तर रेल्वे सोयीची आहे. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी या मार्गाने ग्वाल्हेरला पोहोचते. प्रवास साधारण दीड दिवसाचा. मडगावहून मंगला एक्स्प्रेसही मिळते; ती कोकण रेल्वेने जाते, म्हणून पावसाळ्यात तिचे वेळापत्रक बदलते. गाडी अवेळी पोहोचण्याची शक्यता धरून पहिल्या रात्रीची सोय स्थानकाजवळच करून ठेवणे शहाणपणाचे. घाई असेल तर विमानाने दिल्ली आणि तेथून शताब्दीने सव्वातीन तासांच्या आसपास ग्वाल्हेर, हा मार्ग अनेकांना परवडतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र धुक्यामुळे उत्तरेकडील गाड्या तासन्‌तास रखडतात. त्या दिवसांत परीक्षा किंवा मुलाखत असल्यास एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून निघावे.

आता त्या रिक्षावाल्याच्या प्रश्नाकडे वळू. ग्वाल्हेर म्हणजे किल्ल्याभोवती वाढलेली तीन गावे. किल्ल्याच्या ईशान्य पायथ्याशी जुने ग्वाल्हेर; किला गेट, हजीरा, तानसेनाची समाधी हा तो भाग. किल्ल्याच्या दक्षिणेस लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून येऊन येथे तळ ठोकला आणि तो तळ कधी उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती बाजार भरले. पूर्वेस, लोहमार्गापलीकडे मोरार, ज्याला स्थानिक लोक मुरार म्हणतात. ती इंग्रजांची छावणी होती. १८५८ नंतर किल्लाही इंग्रजांकडे राहिला. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. या तिन्हींच्या मध्ये नंतर भरत गेलेली चौथी वस्ती म्हणजे सिटी सेंटर, गोविंदपुरी, थाटीपूर हा नवा भाग.

दिशा ओळखण्यास किल्ला पुरेसा आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा डोंगर दक्षिणोत्तर पसरलेला असून शहराच्या बहुतेक मोकळ्या जागांवरून दिसतो. तो उत्तरेस दिसत असेल तर माणूस लष्करात आहे, पश्चिमेस दिसत असेल तर मोरारच्या बाजूस. वाटाड्याची गरज पडत नाही. गडावर जाताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाहन पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने जाते. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाची चढण पायीच चढावी लागते. रिक्षा ठरवताना दरवाजाचे नाव न सांगितल्यास पाहुण्यांना, विशेषतः वयस्करांना, नको त्या बाजूस उतरावे लागते.

मराठी माणसाला या शहरात एक आगळा लाभ आहे : पत्ते त्याला वाचता येतात. ‘लष्कर’ तर झालेच. ‘शिंदे की छावनी’ आहे, ‘पडाव’ आहे, आणि ‘कंपू’ म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा तळ. ‘जिंसी नाला’ या नावात मराठ्यांच्या जिन्सी तोफखान्याचा शब्द आहे. ‘चिटणीस की गोठ’ आणि ‘महाडिक की गोठ’ ही नावे ऐकून गोठा शोधू नये. तो जुन्या मराठीतील ‘गोट’, म्हणजे सरदाराच्या फौजेची उतरण्याची जागा. आजही आपण ‘विरोधकांच्या गोटात’ म्हणतो तोच हा शब्द. पाटणकर बाजार, फाळक्यांचा ‘फालका बाजार’, दौलतगंज, जिवाजीगंज, आणि या सर्वांच्या मध्यभागी ‘बाडा’, म्हणजे आपला वाडा. तळाला इतके शब्द आणि त्यातला प्रत्येक शब्द एका मोहल्ल्याचे नाव होऊन बसलेला, असे दुसरे शहर शोधावे लागेल. गोमंतकीयांसाठी यात एक जवळचा धागाही आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी केरकर हे पेडण्यातील केरीचे. ज्या फौजेच्या तळातून पुढे लष्कर वसले, तिच्या जडणघडणीत गोव्याच्या माणसाचा हात होता.

तथापि, नावे मराठी आहेत म्हणून बोलणे मराठी असेल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. लष्करातील जुन्या मराठी कुटुंबांत भाषा टिकून आहे, पण ती घरात. रस्त्यावर, कचेरीत, दुकानात हिंदीच चालते, आणि तरुण पिढी आपापसांत सहसा हिंदीतच बोलते. नवख्याने घरमालकाचे आडनाव पाहून मराठीत सुरुवात करण्यास हरकत नाही. ज्येष्ठांना ‘काका’, ‘आजी’ म्हटले की दार मोकळे होते. उत्तर हिंदीमिश्रित आले तर त्याचे नवल मानू नये. दोनशे वर्षे परप्रांतात राहिलेली ती भाषा आहे, तिला पुण्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. गणेशोत्सवात आणि कीर्तनाच्या निमित्ताने ही मंडळी एकत्र येतात. ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा ही त्यांतील मोठी परंपरा. डिसेंबरात तानसेन समारोहाची सुरुवात समाधीजवळ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. ती सकाळ चुकवू नये.

खोली घेताना पहिला नियम असा : जेथे रोज जायचे त्याच बाजूस राहावे. लोहमार्ग शहराला मधोमध कापतो आणि लष्करातून मोरारकडे जायचे तर पडावासारख्या पुलांवरूनच जावे लागते. सकाळ-संध्याकाळी तेथे वाहने खोळंबतात. शारीरिक शिक्षण संस्था रेसकोर्स मार्गावर, माधव अभियांत्रिकी संस्था गोले का मंदिरजवळ. तेथील विद्यार्थ्याने मोरार, थाटीपूर किंवा दीनदयाल नगर पाहावे. पर्यटन संस्था व जिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास सिटी सेंटर-गोविंदपुरी सोयीचे; भाडे अधिक, रस्ते रुंद. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात काम असणाऱ्याने कंपूच्या आसपास राहावे. बाड्याजवळचे जुने वाडे मोहक असतात, परंतु तेथे दुचाकी ठेवायला जागा नसते आणि सणाच्या दिवसांत गल्लीतून चालणेही कठीण होते.

दुसरा नियम छताचा. ग्वाल्हेरचा वालुकाश्म प्रसिद्ध आहे. जुन्या घरांची छतेही दगडी पट्ट्यांची, स्थानिक भाषेत ‘पटिया’ची, असतात. सर्वांत वरच्या मजल्याची, गच्चीला लागून असलेली खोली नेहमी स्वस्त मिळते, कारण ती मे महिन्यात भट्टी होते. फेब्रुवारीत खोली पाहणाऱ्याला हे कळत नाही. येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी ‘लू’ सुटते. गोव्याच्या घामट उकाड्याची सवय असलेल्याला ही कोरडी झळ फसवते : घाम दिसत नाही, म्हणून पाणी पिण्याचे भान राहत नाही. चक्कर, कोरडी त्वचा, ताप ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे, उद्यावर टाकू नये. दुपारी बारा ते चार डोके व कान कापडाने झाकल्याशिवाय बाहेर पडू नये; तेथील लोक गमछा शोभेसाठी गुंडाळत नाहीत. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा पाण्याचा कूलर एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत उत्तम काम देतो. हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग संपतो. हिवाळा तितकाच टोकाचा. गोव्याहून नेलेला स्वेटर पुरत नाही. रजई तेथेच विकत घ्यावी.

तिसरा नियम पाण्याचा, आणि घर घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्नही हाच. शहराला पाणी मिळते ते सांक नदीवरील तिघरा धरणातून. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे धरण, विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दारांशी त्याचे नाव जोडलेले. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी साठा घटतो आणि नळाला एक दिवसाआड पाणी येते. म्हणून घरमालकाला तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात : नळाची वेळ कोणती, जमिनीखालची टाकी किती मोठी, आणि कूपनलिकेचे पाणी पिण्यासारखे आहे की केवळ वापरण्यापुरते. ‘पानी की कोई दिक्कत नहीं’ या उत्तरावर समाधान मानू नये. शेजारच्या भाडेकरूला विचारावे.

शहरांतर्गत प्रवास मुख्यतः सामायिक रिक्षा, टेम्पो आणि ई-रिक्षांचा. ठरलेल्या मार्गांवर माणशी भाडे घेऊन ती धावतात. चढण्यापूर्वी उतरण्याच्या चौकाचे नाव सांगावे, वसाहतीचे नव्हे. बाडा, फूलबाग, पडाव, हजीरा, गोले का मंदिर, मुरार ही नावे पाठ असली की शहर हाती आले. एकट्याने रिक्षा केल्यास भाडे आधी ठरवावे. गोव्याची दुचाकी घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ वाहन परराज्यात राहणार असल्यास त्याची तेथे नोंदणी करावी लागते. नवे वाहन घेण्याचा मोह व्यापार मेळ्यात होतो. १९०५ पासून भरणारा हा मेळा हिवाळ्यात असतो आणि राज्य शासनाने जाहीर केल्यास तेथील वाहन खरेदीवर पथकरात मोठी सूट मिळते. दोन वर्षांत गोव्यास परतायचे असेल तर मात्र हा हिशेब उलटा पडू शकतो. कर पुन्हा गोव्यात भरावा लागतो.

घरमालकाशी लेखी करार करावा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच स्वतःकडे ठेवावी. गॅस, बँक, सिमकार्ड अशा कामांत पत्त्याचा पुरावा म्हणून करार उपयोगी पडतो. दूरध्वनी क्रमांकांत एक फरक घोटाळा करतो. अनेक राज्यांत १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक आहे; मध्य प्रदेशात तो मुख्यमंत्री हेल्पलाइनचा आहे. पाणी, वीज, रस्ते, कचेरीतील दिरंगाई यांची तक्रार तेथे नोंदवता येते, आणि लोक ती खरोखर नोंदवतात. संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे सर्वत्र सारखेच. मोठे सरकारी रुग्णालय जयारोग्य. स्त्रिया व मुलांसाठी त्याच आवारातील कमलाराजा.

जेवणाचे हाल होत नाहीत, बदल होतो. सकाळी कचोरी-जिलेबी, बेडई आणि पोहे सर्वत्र मिळतात. मासे गोड्या पाण्याचे, त्यांची चव गोमंतकीयाला लवकर रुचत नाही. उकडे तांदूळ, आमसुले आणि खोबरेल तेल पहिल्या खेपेस बरोबर न्यावे. परतताना हिवाळ्यात गजक आणावी. तीळ आणि गूळ कुटून केलेली मोरेना-ग्वाल्हेरची ही मिठाई तेथील कोरड्या थंडीत आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहते. गोव्याच्या दमट हवेत ती लवकर मऊ पडते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा सोबत असू द्यावा.