शिपायाचा डबा : वय आणि नाव



लढाईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते, तोफ येते, घोड्यावर बसलेला सेनापती येतो. शिपायाचा जेवणाचा डबा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण तोफा मोजक्या माणसांच्या हाती असतात, डबा मात्र पलटणीतल्या प्रत्येकाजवळ असतो. बंदूक झाडण्याचे प्रसंग येतात आणि जातात. भूक रोज लागते. म्हणून साध्या शिपायाचा इतिहास वाचायचा असेल तर त्याचा डबा वाचावा, असे माझे मत आहे.

मी प्राध्यापक नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि कारखान्यांच्या दारांशी गेले. जे वाचले ते रात्री, काम आटोपल्यावर. परंतु कारखान्याशी संबंध आलेल्या माणसाच्या हाती कोणतीही वस्तू आली की तो तीन प्रश्न विचारतो : ही कशाची केली, कोणी केली आणि केव्हा केली? डब्याचे वय ठरवण्याची विद्या म्हणजे ह्याच तीन प्रश्नांची शिस्तीने घेतलेली उत्तरे होत.

प्रथम हा डबा शिपायाच्या पाठीवर आला कसा, ते पाहू. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढणाऱ्या वेलिंग्टनच्या सैन्यात स्वयंपाकाचे जड लोखंडी हंडे खेचरांवर लादून नेत असत. १८१३ साली ते हंडे काढले आणि हलक्या पत्र्याची भांडी शिपायांकडेच दिली. सहा जणांमागे एक. मोकळ्या झालेल्या खेचरांवर तंबू लादले. हंडा मुक्कामाला मागाहून पोचे आणि शिपाई तोवर उपाशी राही, ती अडचण दूर झाली, हे खरे. पण खेचराच्या पाठीवरचे ओझे माणसाच्या पाठीवर आले, हेही तितकेच खरे. सुधारणा झाली की तिचे वजन कोणी उचलले, हे विचारण्याची आम्हां चळवळीतल्या माणसांना सवय आहे. पुढे सहा जणांचे भांडे जाऊन ज्याचा त्याचा डबा आला.

आता पहिली खूण, आकार. ब्रिटिश शिपायाचा जुना डबा वरून पाहिला तर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. पहिल्या महायुद्धातही तोच होता. १९३७ च्या सुमारास सारा सरंजाम बदलला, तेव्हापासून एकात एक बसणारे दोन चौकोनी डबे आले. जर्मन डबा काजूच्या आकाराचा. खालच्या भांड्याला तारेची कडी आणि झाकणाला दुमडती दांडी, म्हणजे झाकणाची ताटली होते. त्यांचा १९३१ चा नमुना प्रसिद्ध आहे. अमेरिकन डबा लांबट गोल, पसरट, त्याची लांब दांडी वरून दुमडून झाकण आवळून धरते. पण नुसत्या आकारावर विसंबू नये. युद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, आणि दोन्हीकडच्या सैन्यांनी तोच काजूचा आकार पुढे चालवला. आकार घराणे सांगतो, जन्मसाल सांगत नाही.

दुसरी खूण धातू. जुने डबे कल्हईच्या पत्र्याचे. कल्हई उडाली की पत्रा गंजतो, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. पुढे हलके ॲल्युमिनियम आले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना ॲल्युमिनियम हवे झाले आणि डब्याकडे पुन्हा पोलादी पत्रा वळला. अमेरिकेत तसे झाले, जर्मनीतही युद्धाच्या उत्तरार्धात तसे झाले. सरकारी पत्रकात टंचाईचा उल्लेख असो वा नसो, डब्याचे वजन ती सांगून जाते.

तिसरी खूण शिक्का. अमेरिकन डब्याच्या दांडीवर सैन्याची अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. ब्रिटिश मालावर सरकारी मालकीचा बाण असतो; कॅनडाच्या मालावर तोच बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात बसवलेला असतो. जर्मनांनी आधी कारखान्याची आद्याक्षरे आणि सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकले. युद्ध पेटल्यावर शत्रूला कारखान्याचा ठावठिकाणा लागू नये म्हणून नावाऐवजी सांकेतिक अक्षरे आली. म्हणजे कारखान्याचे नाव लपलेले दिसले की डबा युद्धकाळातला, असा तर्क करता येतो.

पण येथे जपून चालावे लागते. साल असते ते साच्याखालून माल निघाल्याचे. १९१८ चा डबा कोठारात पडून राहून कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच शिपायाला मिळू शकतो. झाकणावर एक साल आणि भांड्यावर दुसरे, असेही आढळते. छावणीत डबे धुताना झाकणांची अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि ज्या मालाला भाव येतो त्यावर खोटे शिक्के ठोकणारेही निपजतात. म्हणून शिक्का इतकेच सांगतो की वस्तू ह्या सालाच्या आधीची नाही. त्यापुढचे आपण सिद्ध करायचे.

आणि आता चौथी खूण, जी कोणत्याही कारखान्याने ठोकलेली नाही. शिपाई खिळ्याने किंवा सुरीच्या टोकाने डब्यावर आपले नाव कोरतो. आपल्याकडे लग्नातल्या पातेल्यावर ठोक्याठोक्याने नाव आणि तारीख घालतात, त्याचाच हा भाऊ. रशियन सैन्यात ओळखीसाठी एक काळी नळी देत, तिच्यात नावपत्त्याची चिठ्ठी असे. चिठ्ठी भरली तर मरण ओढवते, अशा समजुतीने कित्येकांनी ती कोरीच ठेवली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती पद्धतही बंद झाली. मागे राहिली ती कागदी पुस्तिका, आणि कागद मातीत टिकत नाही. आज तेथील स्वयंसेवक जुन्या रणभूमी उकरतात, तेव्हा बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसाचे नाव कित्येकदा डब्यावर किंवा चमच्यावर सापडते. डबा हात बदलतो, म्हणून नुसत्या नावावर निकाल देता येत नाही. परंतु शोध तेथून सुरू होतो, आणि कधी एखाद्या म्हाताऱ्या मुलीला बाप कोठे पडला ते कळते.

म्हणून जुनी भांडी जमवणाऱ्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. बाजारात विकणारा चिंच आणि राख लावून डबा लखलखीत करतो, आणि आपणही चकाकीला जास्त पैसे देतो. त्या घासण्यात शिक्का टिकतो, कारण तो यंत्राने खोल ठोकलेला असतो. पुसले जाते ते माणसाने हाताने कोरलेले नाव. सरकारचे आणि कारखानदाराचे नाव इतिहासात राहायला आपल्या मदतीची गरज नाही. ज्याने त्या डब्यात जेवण केले, त्याला ती आहे. डबा मऊ फडक्याने पुसा, उजेडात तिरपा धरा आणि ओरखडे वाचा. इतके केलेत तरी पुष्कळ झाले.