देवळातून मैदानात : 'फॅन'चा मागोवा

भाषांतराला बसलं की 'फॅन' या एवढ्याशा शब्दापाशी हात अडतो. चाहता लिहावं, भक्त लिहावं, की रसिक? 'मी तुमचा पंखा आहे' हा विनोद तर वापरून वापरून गुळगुळीत झालाय.

या शब्दाचं मूळ घर देऊळ. लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देवस्थान आणि 'फानातिकुस' म्हणजे ज्याच्यात दैवत संचारलंय असा माणूस. रोममध्ये बेलोना या युद्धदेवतेचे पुजारी संचार झाला की स्वतःच्याच दंडांवर वार करून घेत. हे वाचताना आसूड ओढणारा पोतराज डोळ्यांपुढे येतो. 'अंगात आलेला' याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही. आणि जो देवळाबाहेरचा, तो 'प्रोफेन'.

इंग्रजीत 'फॅनॅटिक' आला आणि १७व्या शतकातल्या धर्मकलहांत त्याची शिवी झाली. त्याचं लघुरूप 'फॅन' रुजलं ते मात्र १८८०च्या दशकात, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानांवर. मुष्टियुद्धाच्या शौकिनांना 'द फॅन्सी' म्हणत, त्यावरून हा शब्द आला असंही काही जण मानतात. काही असो, शिवीचं बिरुद झालं.

पुढचं वळण वाचकांनी दिलं. १९३०मध्ये शिकागोच्या विज्ञानकथाप्रेमींनी 'द कॉमेट' हे हौशी नियतकालिक काढलं. अशा अंकांना 'फॅन्झिन' हे नाव लुई रसेल शोव्हने यांनी १९४०मध्ये दिलं. आता फॅन नुसता टाळ्या वाजवत नव्हता; तो लिहीत होता, छापत होता, भांडतही होता.

आपल्या शेजाऱ्यांनी या शब्दाची सोय आपापल्या परीने लावली. तमिळमध्ये फॅन म्हणजे 'रसिगर', आपलाच रसिक. तिथे नटांचे 'रसिगर मन्रम' असतात. कन्नड-तेलुगूत तो 'अभिमानी'. हा शब्द मराठीत जसाच्या तसा उचलला, तर चाहत्याचा गर्विष्ठ होईल. जपानीतल्या 'ओताकु'चा मूळ अर्थ 'आपलं घर', म्हणून आदराने 'आपण'. १९८३मध्ये अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकात तो कॉमिक्सवेड्यांना चिकटवला, तोही टिंगल म्हणून.

मराठीत रसिक मैफलीत बसतो, त्याला जाण असावी लागते. चाहत्याला नुसती आवड पुरते. भक्त प्रश्न विचारत नाही. फॅन या तिघांत थोडा थोडा आहे, शिवाय त्याला आपल्यासारखी माणसं लागतात. म्हणून 'फॅन' मी 'फॅन'च ठेवतो. 'फॅन्डम'साठी मात्र 'चाहतावर्ग' हा वर्तमानपत्री शब्द नको वाटतो. वर्गात माणसं मोजली जातात, एकमेकांना ओळखत नाहीत. तिथे मी 'गोतावळा' लिहितो.

याहून चांगला शब्द कुणाला सुचला, तर तो वापरायला सुरुवात करावी. शब्द कोशात नंतर जातो, आधी तोंडी बसावा लागतो.