वस्त्रव्यवसायात विकणाऱ्याची जबाबदारी : एक ऐतिहासिक विचार

देवल महर्षींची कथा आपल्या ज्ञातिबांधवांस लहानपणापासून परिचित आहे. देव व मानव यांना वस्त्र नव्हते, म्हणून श्रीशंकरांच्या आज्ञेने देवलांनी भगवान विष्णूंच्या नाभिकमळातील तंतू आणण्याचे कार्य अंगीकारले. परतीच्या वाटेवर दैत्यांनी त्यांस गाठले, तेव्हा आदिशक्ती चौंडेश्वरीने प्रकट होऊन त्यांचे रक्षण केले, अशी ती कथा आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ जाणत्यांनी सांगावा. परंतु तिच्यात एक व्यावहारिक बोधही आहे, तो असा की, ज्यांना वस्त्र हवे होते त्यांनी विणणाऱ्यास संकटात एकटे सोडले नाही. हाच बोध मनात धरून, कापड विणणाऱ्याच्या सुखदुःखाची जबाबदारी कापड विकणाऱ्यावर कितपत येते, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचे योजिले आहे. आपल्या समाजात मागावर राबणारे आहेत, मागांचे धनी आहेत आणि कापडाचे व्यापारीही आहेत. तेव्हा हा विचार परक्यांचा नसून घरातलाच आहे.

हातमागाच्या काळी हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. विणकर स्वतः, त्याची पत्नी व मुले मिळून ताणा करीत, कांड्या भरीत व लुगडे विणून आठवडी बाजारात नेत. घेणारा विणकराचे तोंड पाहून घेई. पुढे सावकार सूत देऊ लागला व तयार कापड उचलू लागला, तेव्हा विणकर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये पहिली भिंत उभी राहिली. तथापि सावकारही त्याच पेठेत राहणारा असे. विणकराच्या घरी चूल पेटली की नाही, हे त्यास ठाऊक असे. आणि ठाऊक असून दुर्लक्ष केले, तर गाव त्यास नावे ठेवी.

आपल्या भागात खरे परिवर्तन झाले ते १९०४ मध्ये. त्या वर्षी विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि जहागिरीचे अधिपती श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगास उदार आश्रय दिला. एका मागाचे शेकडो झाले, शेकड्यांचे हजारो झाले आणि आज परिसरातील मागांची संख्या लाखाच्या घरात गणली जाते. इचलकरंजीस ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे नाव मिळाले. कबनूर हे तर इचलकरंजीच्या अंगणातीलच गाव. मागांचा खडखडाट शहराची शीव ओलांडून आपल्या गल्ल्यांत केव्हा शिरला, ते कळलेही नाही.

या उद्योगाची रचना नव्या पिढीने नीट समजून घेतली पाहिजे. मोठा व्यापारी सूत खरेदी करतो. सायझिंगमध्ये त्याची बिमे तयार होतात. ती बिमे खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे जातात. खर्चीवाला स्वतःच्या मागांवर कापड विणून देतो आणि त्यास मजुरी मिळते ती कापडाच्या मीटरवर व पिकावर. सूत त्याचे नव्हे आणि कापडही त्याचे नव्हे. त्याच्या हाताखाली मागवाला, कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, घडीवाला व दिवाणजी अशी माणसे असतात. विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी दूरच्या शहरांत जाते, तेथून शिलाईच्या कारखान्यात जाते आणि शेवटी झगझगीत दिव्यांच्या दुकानात एखाद्या नामांकित शिक्क्याचा सदरा होऊन टांगले जाते. पेठेतील एका भिंतीच्या जागी आता सहा-सात भिंती झाल्या. दुकानदाराने दर पाडला की प्रत्येक भिंतीआडचा मनुष्य तो भार खालच्यावर ढकलतो, आणि ज्याच्या खाली कोणीच नाही, त्या मागवाल्याच्या पाठीवर तो येऊन स्थिरावतो.

तो भार कसा असतो, हे कबनूरकरांस सांगावयास नको. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसविणारा आवाज, छातीत जाणारा सुताचा बारीक तंतू आणि वीज गेली वा सूत संपले तर बुडणारी मजुरी, हे त्याचे स्वरूप होय. रातपाळीच्या बापाचा डबा पोचवून शाळेत येणारी व दुसऱ्या तासाला बाकावरच झोपी जाणारी मुले मी अध्यापनाच्या काळात पुष्कळ पाहिली. त्यांना छडी दाखविण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

याबाबत कायदा काय करीत होता, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली. परंतु तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरताच होता. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार अशी होती. परिणामी यंत्रमागाच्या गावोगावी एकाच छपराखालील माग निरनिराळ्या नावांवर विभागून दाखविण्याची युक्ती रूढ झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हीच मर्यादा वीस कामगारांवर गेली आहे. अर्थात लहान कारखान्यातील मागवाला या छत्राबाहेरच राहतो. म्हणून केवळ कारखान्याच्या धन्याकडे पाहून हा प्रश्न सुटणारा नाही.

१९८२ च्या संपाने ही गोष्ट अधिकच स्पष्ट केली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडल्या, पण बाजारात कापडाचा दुष्काळ पडला नाही. कारण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील माग रात्रंदिवस चालत होते. गिरण्यांनी यंत्रमागाचे कापड घेऊन त्यावर आपला शिक्का मारण्याची प्रथा संपापूर्वीच सुरू झाली होती. पुढे ती बळावली. शिक्का गिरणीचा आणि घाम दुसऱ्याच गावच्या कामगाराचा, अशी स्थिती झाली. गिरणी कामगारास जो भविष्यनिर्वाह निधी, जी रजा व जे औषधपाणी मिळत असे, त्यातले बहुतेक काही त्या घामाच्या धन्यास मिळाले नाही. काम स्थलांतरित झाले, पण जबाबदारी वाटेत गळून पडली.

असे केवळ आपल्याकडेच झाले असे नव्हे. २५ मार्च १९११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या शिलाई कारखान्यास आग लागली. दरवाजास कुलूप होते. १४६ माणसे मृत्युमुखी पडली व त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. पुढे तेथील कामगार संघटनांनी असे करार घडवून आणले की, कंत्राटदाराकडून माल शिवून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेच शिवणाऱ्याच्या मजुरीची हमी द्यावी. काम मग समुद्र ओलांडून गरीब देशांकडे गेले, आणि शंभर वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक व दुकाने बंद झाली, पण वरच्या शिलाई कारखान्यांतील कामगारांस कामावर बोलाविण्यात आले. ११३४ जीव गेले. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतील नामांकित दुकानांच्या पट्ट्या सापडल्या, तेव्हा ‘कारखाना आमचा नव्हे’ हे उत्तर जगाने ऐकून घेतले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांशी बंधनकारक करार करून कारखान्यांच्या सुरक्षिततेचा काही भार स्वतःवर घेतला. फ्रान्सने २०१७ मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांवर अशी जबाबदारी टाकणारे कायदे केले. युरोपीय संघाचा तसा कायदा २०२४ मध्ये संमत झाला. परंतु २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. यावरून व्यापाराचे बळ केवढे असते, हेही ध्यानात येते.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा लागतो, असे मात्र कोणी समजू नये. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी अखिल भारत चरखा संघापुढे असा आग्रह धरला की, खादी महाग झाली तरी चालेल, पण सूत कातणाऱ्या स्त्रीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्यांची इच्छा आठ तासांच्या कामास आठ आण्यांची होती. व्यवहार पाहून आरंभ तीन आण्यांवर झाला. खादी विकणाऱ्या संस्थेनेच कातणारीची जबाबदारी पत्करली, हे त्यातील मर्म होय. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांना संरक्षण दिले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मध्ये कंत्राटदार असला तरी ज्याच्या व्यापारचिन्हाने विडी विकली जाते, तो या जबाबदारीतून सुटत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हमालांसाठी मंडळे निर्माण झाली. मालक रोज बदलला, तरी माल उचलून घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यास मजुरीबरोबर ठरावीक रक्कम मंडळाकडे भरावी लागते आणि त्यातून हमालास निधी, बोनस व औषधोपचार मिळतात. हे कार्य अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे फळ होय. विडी वळणारीला व ओझे वाहणाऱ्याला जे तत्त्व लागू पडते, ते कापड विणणाऱ्याला लागू पडू नये, याला कोणते कारण सांगता येईल?

व्यापारी बंधू म्हणतील की, आम्ही सूत देतो व ठरलेली मजुरी देतो. खर्चीवाल्याने कामगारास कसे वागवावे, हे आमच्या हाती नाही. शिवाय दर वाढविला तर माल परगावी जाईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. एकट्यादुकट्या व्यापाऱ्याने दर वाढविला, तर तो बुडेल हे खरे. परंतु म्हणूनच हे काम एकट्याचे नसून सर्वांनी मिळून करावयाचे आहे. माथाडीचा भार सर्व व्यापाऱ्यांवर सारखाच पडला, म्हणून कोणी बुडाला नाही. आणि मजुरी ठरविताना ज्याचा शब्द अखेरचा असतो, त्याने मजुराचे हाल माझ्या हाती नाहीत असे म्हणणे न्यायाला धरून नाही. ज्याच्या हाती दर, त्याच्या माथी जबाबदारी, हा सरळ व्यवहार आहे.

समाजाने याबाबत काय करावे? आपल्यातील व्यापाऱ्यांनी खर्चीचा दर ठरविताना त्यातून मागवाल्यास काय उरेल, हा हिशोब आधी करावा. खर्चीवाल्या बांधवांनी दहा माग चार नावांवर दाखवून वाचविलेला पैसा हा आपल्याच भाऊबंदाच्या म्हातारपणातून काढलेला पैसा आहे, हे ओळखावे. कामगारांनी नोंदणी, ओळखपत्र व हजेरी यांचा आग्रह धरावा. कागद नसलेल्या मनुष्यास न्यायालयात आपली बाजू सिद्ध करणे कठीण जाते. आणि आपण सर्वच गिऱ्हाईक आहोत. लग्नसराईत दुकानात बसून पोत पाहतो, काठ पाहतो, घासाघीस करतो. त्या वेळी हे कोणी विणले आणि त्यास काय मिळाले, असे एकदा दुकानदारास विचारावे. त्यास उत्तर ठाऊक नसेल. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारले, तर एकशे पहिल्यासाठी तो ते शोधून ठेवील.

वस्त्राने लज्जारक्षण करणारी आपली ज्ञाती आहे. जो दुसऱ्याची लाज राखतो, त्याच्या घरी अन्नाची व औषधाची लाज वाटू नये, एवढीच अपेक्षा आहे. श्रीचौंडेश्वरी माता ती पूर्ण करण्याची बुद्धी व बळ आपणा सर्वांस देवो.