सुट्टीतलं वाचनालय: बडोद्याची पेटी ते तालुक्याची खिडकी

बडोदा संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६-०७च्या सुमारास तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. शाळा निघाल्या, पोरं हजेरीपटावर आली, लिहू-वाचू लागली. मग एक अडचण पुढे आली. चार बुकं झाली की मुलगा शेतात नाहीतर दुकानात कामाला लागायचा, मुलीचं लग्न व्हायचं. घरात छापील कागद म्हणजे फार तर पंचांग. काही वर्षांत शिकलेली अक्षरं पुसट व्हायची. सरकारने पैसे खर्चून साक्षर केलेला माणूस पुन्हा निरक्षर होण्याच्या वाटेवर असायचा.

या अडचणीवर सयाजीराव गायकवाडांनी शोधलेलं उत्तर म्हणजे वाचनालय. आपण वाचनालयाकडे छंद म्हणून, संस्कृती म्हणून बघतो. बडोद्यात त्याकडे शिक्षणाची गळती थांबवणारी व्यवस्था म्हणून बघितलं गेलं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण आज आपल्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय एप्रिल-मे-जूनमध्ये काय करतं (आणि काय करत नाही) हे समजून घ्यायला तोच उपयोगी पडतो.

लाकडी पेटी

सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी ते दत्तक गेले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर उशिरा हाती येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १९०६ साली ते अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं बघून आले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तीनच वर्षं राहिले, पण तेवढ्यात त्यांनी एक यंत्रणा उभी केली.

मध्यभागी बडोद्याचं सेंट्रल लायब्ररी. राजवाड्यातला महाराजांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह तिथे आला. तिथे वर्गणी नव्हती. वाचकाने कपाटापर्यंत जावं, पुस्तक हाताळावं, मग न्यावं, अशी पद्धत ठेवली. बायकांसाठी वेगळं वाचनालय झालं. मुलांसाठी वेगळी खोली झाली आणि तिथे पुस्तकांबरोबर चित्रं होती, खेळही होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्लाइड आणि चित्रपट दाखवणारी शाखा होती. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक सुरू झालं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असायचा. बॉर्डन परत गेल्यावर हे काम ज्यांनी पुढे नेलं, त्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. १९१९ साली त्यांनी या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

गावांसाठी पैशाचं गणित सोपं होतं. गावाने एक वाटा उभा करायचा, तेवढाच वाटा पंचायतीने आणि तेवढाच संस्थानाने घालायचा. गावकऱ्यांचे पैसे अडकलेले असले की ते वाचनालयावर लक्ष ठेवतात. सरकारचे पैसे असले की गरीब गावही मागे राहत नाही. या कामाला पायाही होता. चरोतर भागात मोतीभाई अमीन यांनी बॉर्डन यायच्या आधीच गावोगाव मित्रमंडळांतर्फे वाचनालयं सुरू केली होती.

पण या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे लाकडी पेटी. ज्या गावात वाचनालय नाही तिथे पंधरा ते तीस पुस्तकांची पेटी पाठवायची. गावातल्या मास्तरांनी किंवा कुणी जबाबदार माणसाने ती उघडायची, लोकांना पुस्तकं वाटायची, मुदत संपली की परत पाठवायची. जाण्या-येण्याचं भाडं संस्थानाचं. गावाला इमारत नको, कपाट नको, ग्रंथपाल नको. मी दिवसभर सर्व्हर आणि डेटाचं काम करतो. आमच्याकडेही लांबच्या माणसाला उशीर होऊ नये म्हणून माहितीची प्रत त्याच्याजवळ नेऊन ठेवतात. बडोद्याने तेच काम रेल्वे, बैलगाडी आणि पेटीवर केलं.

खिडकीपलीकडची कपाटं

आपल्या महाराष्ट्रात वाचनालयं याहून बरीच जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८चं, अहमदनगरचं १८३८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं, कोल्हापूरचं १८५०चं. दोनशे वर्षांच्या जवळ पोचलेली संस्था तालुक्या-जिल्ह्याच्या गावात अजून उघडते, ही साधी गोष्ट नाही. पण यांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. बहुतेक ठिकाणी पुढाकार इंग्रज अधिकारी, वकील, शिक्षक, नोकरदार यांचा होता. वर्गणी भरणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रं आणि ग्रंथ, असा तो व्यवहार. पुढे ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयं निघाली, ती मराठी पुस्तकं जपण्यासाठी. हेतू मोठे होते. पण या वाचनालयांचा नेहमीचा वाचक म्हणजे वर्गणी भरू शकणारा मोठा माणूस.

कायदाही हळूहळू आला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, तो भारतातला पहिला. त्याआधी १९३९ मध्ये मुंबई सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून वाचनालयांची पायऱ्या-पायऱ्यांची योजना तयार करून घेतली होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, १ मे १९६८ पासून लागू झालेला. या कायद्याने गावोगावी सरकारी वाचनालयं काढली नाहीत. लोकांनी नोंदणी करून चालवलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, अ-ब-क-ड असे वर्ग पाडायचे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, असा मार्ग घेतला. ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला नाही.

या रचनेचा फायदा मोठा. राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं उभी राहिली ती याच वाटेने. इतकी वाचनालयं फक्त सरकारी हुकमाने झाली नसती. त्यामागे संध्याकाळी फुकट वेळ देणारे चिटणीस आहेत, स्वतःच्या घरातली कपाटं आणून ठेवणारे अध्यक्ष आहेत, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं बसलेले ग्रंथपाल आहेत. तोटाही याच रचनेतला आहे. संस्था टिकवायची तर वर्ग टिकवायचा आणि वर्ग टिकवायचा तर पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रं, सभासद, उघडं ठेवण्याचे तास यांचा हिशेब दाखवायचा. हरवलेलं पुस्तक म्हणजे तपासणीच्या वेळी उत्तर देण्याची पाळी. म्हणून कपाटाला कुलूप, मध्ये काउंटर किंवा खिडकी, आणि पलीकडून ‘कुठलं पाहिजे?’ हा प्रश्न.

मोठ्या माणसाला लेखकाचं नाव माहीत असतं. नऊ वर्षांच्या मुलाला नसतं. त्याला पुस्तक कव्हरवरून, जाडीवरून, आतल्या चित्रांवरून निवडायचं असतं. खिडकी त्याच्यासाठी भिंतच आहे.

माझ्या गावच्या वाचनालयात सुट्टीपुरतं सभासदत्व मिळायचं. थोडी अनामत, महिन्याची किरकोळ फी, एका वेळी एक पुस्तक. सकाळी नेलेलं पातळ पुस्तक जेवायच्या आत संपायचं आणि संध्याकाळी बदलायला गेलं की काका म्हणायचे, “आजच नेलंस ना? उद्या ये.” काका वाईट नव्हते. रजिस्टरमध्ये एका माणसाला दिवसाला एकच ओळ होती. तरी मे महिन्याच्या शेवटी फास्टर फेणे संपलेला असायचा, ‘किशोर’चे जुने अंक संपलेले असायचे आणि जूनमध्ये मराठीच्या पेपरला निबंध लिहिताना हात अडत नसे. माझ्या वर्गातल्या ज्यांचं घर वाचनालयापासून लांब होतं, त्यांच्यातलं कुणी तिथे दिसल्याचं मला आठवत नाही.

उन्हाळ्याची गळती

मुलांना सुट्टीत वाचनालयात बोलावण्याचा प्रकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोर धरू लागला. पिट्सबर्गचं कार्नेगी वाचनालय उन्हाळ्यात पुस्तकं घेऊन मुलांच्या मैदानांवर जायचं. क्लीव्हलँडमध्ये १८९७ साली मुलांची ‘लायब्ररी लीग’ निघाली, पुस्तकं नीट वापरायची शपथ वगैरे घेणारी. पुढे हे छोट्या गावांपर्यंत गेलं. सुट्टीत इतकी पुस्तकं वाचायची, यादीत नोंद करायची, शेवटी प्रमाणपत्र किंवा बिल्ला मिळवायचा. गोष्टी सांगण्याचे तास, बाहुल्यांचे खेळ, हस्तकला हे सगळं त्याभोवती आलं. आपल्याकडच्या उन्हाळी वाचन शिबिरात आज जे दिसतं, ते याच कुळातलं.

हे सगळं बरं वाटतं म्हणून चाललं होतं. त्याचा खरोखर काही परिणाम होतो का, हे समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी तपासलं. त्यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत साधी आणि हुशार होती. शाळा चालू असताना मुलं किती शिकतात आणि सुट्टीत किती शिकतात, हे वेगवेगळं मोजायचं. दिसलं असं की गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांमधली दरी शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीत जास्त रुंदावते. शाळा असताना सगळ्यांना थोडंफार सारखं मिळतं. शाळा बंद झाली की ज्याच्या घरी जे असेल तेच त्याला मिळतं. आणि सुट्टीत मुलांना पुढे नेणाऱ्या गोष्टींमध्ये वाचन ठळक होतं. सार्वजनिक संस्थांमध्ये सगळ्यात जास्त हातभार होता तो सार्वजनिक वाचनालयाचा.

बडोद्याची काळजी हीच होती, फक्त काळाचं माप वेगळं होतं. तिथे शाळा कायमची सुटल्यावर माणूस काय विसरतो, हा प्रश्न होता. इथे दोन महिने सुटल्यावर मूल काय विसरतं, हा. दोन्हीकडे उत्तर एकच. शाळेच्या बाहेर, फुकट किंवा जवळजवळ फुकट, हाताला लागेल अशा अंतरावर पुस्तक असलं पाहिजे.

दुपारी बारा ते चार

आता आपल्या तालुक्याच्या गावात एप्रिलच्या शेवटी काय घडतं ते बघा. परीक्षा संपतात. शाळा थेट जूनच्या मध्यावर उघडणार, विदर्भात त्याहून उशिरा. सकाळी मुलं खेळतात, संध्याकाळी खेळतात. दुपारी बारा ते चार बाहेर ऊन असतं, घरात ‘आवाज करू नका’ असतं आणि हातात फोन असतो. दिवसातला हाच वेळ पुस्तकाला सगळ्यात सोयीचा. आणि नेमक्या याच वेळी लहान गावातली बरीचशी वाचनालयं बंद असतात. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, ही वेळ नोकरदार सभासदाच्या सोयीने ठरलेली आहे.

वाचनालयं बदलू शकत नाहीत असं अजिबात नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींची गरज दिसली तेव्हा गावोगावच्या वाचनालयांनी अभ्यासिका काढल्या, खुर्च्या-पंखे बसवले, रात्री उशिरापर्यंत दारं उघडी ठेवली. फरक इतकाच की तिथे मागणारा मोठा आहे, फी भरतो आणि आवाज काढतो. नऊ वर्षांचं मूल सर्वसाधारण सभेत हात वर करत नाही.

मुलांसाठी कुणी काहीच करत नाही, असंही नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी बदलते. मुलांसाठीही त्यात वेगळ्या पेट्या झाल्या. बडोद्याच्या पेटीची ही जवळची नातेवाईक. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी, ऐन सुट्टीत, ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. तिथे लोकांनी राहत्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या आणि कपाटाला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. अनेक जुनी वाचनालयं मे महिन्यात कथाकथन, हस्ताक्षर, वाचन स्पर्धा घेतात. यातलं बरंचसं आठ-दहा दिवसांचं शिबिर असतं. बक्षीस समारंभ होतो, पेपरात फोटो येतो आणि शिबिर संपलं की मुलगा पुन्हा खिडकीसमोर उभा राहतो.

शिबिराला माझा विरोध नाही. पण बडोद्याचा इतिहास आणि अटलांटाचा अभ्यास दोन्ही सांगतात की काम होतं ते रोजच्या पुस्तकाने. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. सुट्टीचे सहा आठवडे दुपारी दार उघडं ठेवायला माणूस लागतो. मुलांचं एक कपाट खिडकीच्या अलीकडे, कुलूप काढून ठेवावं लागतं. दिवसातून दोनदा पुस्तक बदलायची मुभा द्यावी लागते. लांबच्या वस्तीवर एक पेटी पाठवावी लागते आणि दोन-चार पुस्तकं फाटणार, एखादं हरवणार, हे हिशेबात आधीच धरावं लागतं.

आपल्यापैकी पुष्कळ जण गाव सोडून पुण्या-मुंबईला, बंगळुरूला आलो आहोत. गावच्या वाचनालयाला देणगी द्यायची म्हटली की आपण पुस्तकांचा गठ्ठा पाठवतो, बरेचदा घरात जागा नाही म्हणून. त्याऐवजी मेच्या दुपारी वाचनालय उघडणाऱ्या कॉलेजच्या एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं दोन महिन्यांचं मानधन चार मित्रांनी मिळून द्यावं. बडोद्याच्या पद्धतीने एक वाटा आपला, एक वाचनालयाचा आणि एक नगरपालिकेकडे मागायचा. तिने नाही दिला तरी पहिल्या दोन वाट्यांत एक उन्हाळा निघतो.