जाळीदार बटाट्याचा खटला

वेस्टन हे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातले गाव. तिथले कारखानदार गिल्बर्ट लॅम्ब यांनी १९६० च्या सुमारास बटाटा कापण्याची रीतच उलटी केली. पाते जागच्या जागी ठेवले आणि बटाट्याला पळवले. सुरुवातीचे प्रयोग आगीच्या बंबाच्या नळीवर झाले. पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या नळीतून पाण्याच्या लोटाबरोबर बटाटा ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने सुटू लागला. निमुळतेपणामुळे तो आपोआप उभा, लांबीच्या दिशेने सरळ होतो, पात्यांच्या चौकटीवर आदळतो आणि पलीकडे सारख्या जाडीचे लांब फ्राइज पडतात. या युक्तीला पेटंट मिळाले ते योग्यच होते.

पण खटला झाला तो जाळीदार कापांवरून, आणि सरळ पात्यांतून जाळी निघत नाही. तिची युक्ती फ्रेंच स्वयंपाकघरातली, आणि बरीच जुनी. नागमोडी पात्यावर एक काप घ्यायचा, बटाट्याला पाव वळसा द्यायचा, मग पुढचा काप. कापाच्या दोन बाजूंच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात येतात. त्या पुरेशा खोल असल्या, की जिथे छेदतात तिथे आरपार भोके पडतात.

लॅम्ब यांनी उभारलेल्या लॅम्ब-वेस्टन कंपनीने असेच काप जाडसर, अर्धवट तळून गोठवलेल्या रूपात विकायला आणले आणि त्यांवर पेटंटे घेतली. काप किती जाड, भोके केवढी, याची मापे पेटंटच्या दाव्यात होती. कॅनडाच्या मॅकेन कंपनीशी त्यावरून खटला जुंपला. जाळीदार काप आणि बटाटा अर्धवट तळून गोठवणे, दोन्ही आधीच माहीत असताना त्यांची सांगड या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचली असती का, हा खरा प्रश्न होता. खालच्या न्यायालयाने ‘हो’ म्हटले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयानेही तेच उचलून धरले आणि पेटंटे रद्द ठरली.

मला हा निकाल पटतो. ठिसूळ जाळी न मोडता तळायची, गोठवायची, दूरवर पोचवायची, यामागे कंपनीचे खरे कष्ट आहेत, आणि त्यांचा मोबदला तिला विक्रीतून मिळायलाच हवा. पण पाव वळशाची ती लकब कितीतरी अनाम स्वयंपाक्यांच्या हातांत आधीच मुरलेली होती. तिच्याभोवती मापांचे कुंपण घालून इतरांना बाहेर ठेवणे रास्त नव्हते. लॅम्ब यांच्या पाणतोफेची गोष्ट वेगळी. ती आधी कुणाच्या हातात नव्हती. तिच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली असून आता जगभरचे फ्राइजचे कारखाने ती मोकळेपणाने वापरतात.