नेम आणि काडतूस

गोवंडीला त्या काळी राहणाऱ्या माणसाला बंदुकीशी काही कर्तव्य असण्याचे कारण नव्हते. हार्बरची गाडी तेव्हा मानखुर्दला संपे. रुळांच्या पलीकडे मिठागरे, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा वास घरात. अशा वस्तीतून रोज कॉलेजला जाणाऱ्या माझ्यासारख्या मुलाच्या हातात रायफल आली ती चीनच्या आक्रमणामुळे. १९६२ च्या त्या धक्क्यानंतर, १९६३ साली, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली, आणि १९६५ च्या हिवाळ्यात एका शिबिराच्या चांदमारीवर मी आयुष्यातली पहिली .३०३ गोळी झाडली. ती सक्ती १९६८ साली उठली. तिथे शिकलेला एक धडा मात्र मला पुढे इतिहास वाचताना पदोपदी आठवत राहिला. तो धडा आणि त्यातून उलगडलेला इतिहास, हाच या लेखाचा विषय.

आमचे उस्ताद साताऱ्याकडचे हवालदार होते. शंभर यार्डांवर लावलेल्या निशाणावर आम्हा प्रत्येकाला पाच गोळ्या मिळाल्या. माझ्या पाचही गोळ्या डावीकडे खाली, तळहाताने झाकतील एवढ्या जागेत जाऊन बसल्या. काळ्या वर्तुळाला एकही शिवली नाही. शेजारच्या मुलाच्या दोन गोळ्या थेट वर्तुळात आणि उरलेल्या तीन कागदाच्या तीन कोपऱ्यांत गेल्या. तो साहजिकच खुशीत होता. मी मान खाली घालून उभा राहिलो. उस्तादांनी दोन्ही कागद पाहिले आणि मला म्हणाले, "लेका, तू रडतोस कशाला? तुझा नेम बरोबर हाय. चुकतीय ती बंदूक." मग त्या दुसऱ्या मुलाकडे वळून म्हणाले, "तुझी चूक कुठं दुरुस्त करू ते सांग. दर गोळीला चूक निराळी."

रायफल 'झिरो' करण्याचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले. नळीच्या टोकावर दोन लोखंडी कानांमध्ये एक बारीक पाते उभे असते. त्याला उस्ताद 'माशी' म्हणत. मागे डोळ्याच्या बाजूला खाच असलेली पट्टी असते. खाचेच्या मधोमध माशीचे टोक आणि टोकावर निशाण, अशी ओळ जुळवायची. या जुळवणीला फौजेत 'शिस्त घेणे' म्हणतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नेम असाच आहे. आपण मराठीत तो वर्तणुकीला लावला, आणि मला वाटते, फार चुकीचा लावला नाही.

गट लहान आला तर माणूस खरा, मग गट कुठेही पडो. तो सरकवण्याचे काम माशीचे. नियम सोपा आहे: चूक जिकडे, माशी तिकडे. गट डावीकडे असेल तर माशी डावीकडे ठोकायची. गट खाली असेल तर माशी ठेंगणी बसवायची. ली-एन्फिल्डसाठी माश्या निरनिराळ्या उंचीच्या येत, आणि एकीहून दुसरी इंचाच्या पंधरा हजारांशाने उंच किंवा ठेंगणी असे. माशी आणि खाच यांच्यातले अंतर साडेएकोणीस इंचांच्या आतले. म्हणून तेवढ्या केसभर फरकाने शंभर यार्डांवर गोळी पावणेतीन इंच वर किंवा खाली जाते. हा हिशेब कुणीही त्रैराशिकाने करून पाहावा.

माझी माशी बदलून झाली आणि पुढचा गट वर्तुळात बसला. तेव्हा उस्तादांनी खिशातून आणखी पाच काडतुसे काढली. दिसायला तशीच, बुडावरचे साल तेवढे निराळे. मी त्याच बंदुकीने, त्याच नेमाने ती झाडली. गट तेवढाच लहान, पण चार बोटे वर! बिघडलेले असे त्यांतले एकही काडतूस नव्हते. निराळी दारू, निराळी वर्षे, एवढेच. "आता कोण चुकलं?" उस्तादांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "कुनीच न्हाई. माशीची गाठ पयल्या काडतुसाशी बांधली होती."

संध्याकाळी पुंगळ्या मोजून परत करायच्या असत. मोजता मोजता उस्तादांनी एकीचे बूड मला दाखवले: इंग्रजी 'के' आणि 'एफ'. ही खडकीच्या कारखान्याची खूण. पुण्याजवळचा हा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याची स्थापना १९०४ ची, आणि कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू त्याच सुमारास निलगिरीतल्या अरुवनकाडूला होऊ लागली. म्हणजे शिपायाच्या एका नेमात बंगालचे लोखंड, निलगिरीची दारू आणि खडकीचे पितळ एकत्र येत. यांतले एक बदलले तरी नेम नव्याने बांधावा लागे.

जुन्या काळी असे नव्हते. तोड्याची बंदूक वापरणारा मराठा बरकंदाज बहुधा आपल्या नळीच्या मापाच्या साच्यात गोळी ओतून घेई आणि दारू आपल्या अंदाजाने भरी. त्याचा नेम बेताचा असेल, पण तो सर्वस्वी त्याचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर १८५३ ची एन्फिल्ड आली. तिच्या पट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या, आणि काडतूस कारखान्यातून बांधून येई. या काडतुसाच्या चरबीने १८५७ साली काय घडवले ते शाळकरी पोरही सांगेल. शिपायाच्या धर्माचा प्रश्न त्या काडतुसात होता. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट शिपायाच्या हातून गेली, तिची नोंद सहसा होत नाही. नेमाचा अर्धा भाग आता दूरच्या कचेरीत ठरू लागला.

बंडानंतर त्या कचेरीने एक धोरण धरले: हिंदी शिपायाच्या हातातले हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्याराहून एक पिढी मागे असावे. गोऱ्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्याकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी. .३०३ त्याच्या हाती सर्रास आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. तोवर काडतूस पुन्हा बदलण्याच्या बेतात होते.

हा बदल १९१० चा. तोपर्यंतची 'मार्क सहा' गोळी बोथट नाकाची, २१५ ग्रेन, म्हणजे सुमारे चौदा ग्रॅम वजनाची. तिचा वेग सेकंदाला सुमारे २,०६० फूट. नवी 'मार्क सात' टोकदार, १७४ ग्रेनची, वेग २,४४० फूट. ही हलकी, वेगवान गोळी सपाट जाते. शंभर यार्डांवर दोघींतला फरक बोटांनी मोजता येतो. पण जुन्या गोळीसाठी आखलेली पट्टी सहाशे यार्डांवर लावून नवी गोळी झाडली, तर ती समोरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. म्हणून नव्या काडतुसाबरोबर पट्टीही नव्याने आखावी लागली. विलायतेत हे काम झाले. हिंदुस्थानातली फौज १९१४ च्या ऑगस्टात अजून जुन्याच काडतुसावर होती.

आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन फ्रान्सला निघाल्या. २६ सप्टेंबर १९१४ रोजी पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. फ्रान्समधला सगळा साठा नव्या काडतुसांचा. जुनी पट्टी तिथे निरुपयोगी. तेव्हा बंदरातच त्यांच्या जुन्या बंदुका काढून घेऊन नव्या पट्टीच्या बंदुका हाती दिल्या गेल्या. कागदावर हा कारभार निर्दोष होता. पण ज्याने कधी एक तरी बंदूक झिरो केली आहे त्याने क्षणभर थांबून विचार करावा. शिपायाची जुनी बंदूक म्हणजे कित्येक चांदमाऱ्यांचा हिशेब. ती डावीकडे किती ओढते, कुठली माशी तिला बसते, हे त्याच्या अंगात मुरलेले. तो हिशेब मार्सेयच्या धक्क्यावर राहिला आणि परक्या बंदुकीशी ओळख करून घ्यायला त्याला काही आठवडेच मिळाले.

लाहोर डिव्हिजनबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. या पलटणीचे ठाणे खडकीला; तिच्यात शीख आणि मुसलमानांबरोबर मराठे. ज्या गावी काडतुसे बनत त्याच गावाहून ही माणसे निघाली, आणि त्यांना लढावे लागले ते दुसऱ्याच काडतुसावर. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, म्हणजे मार्सेयच्या त्या पहिल्या दिवसापासून जेमतेम महिन्याने, खंदक खणणे आणि पूल बांधणे हा ज्यांचा खरा धंदा त्या सॅपर्सना ४७ व्या शिखांबरोबर नव्ह शापेल गावावर पायदळ म्हणून चढवले. ते गावात घुसले, घराघरांतून लढले, आणि कुमक न आल्याने त्यांना मागे यावे लागले. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी ठार किंवा जखमी झाले, आणि शिपायांची हानीही तशीच भयंकर. त्या दिवशी कुणाची गोळी कुठे गेली हे कोण सांगणार? घराघरांतल्या झुंजीत सहाशे यार्डांच्या पट्टीचा प्रश्नच येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या फौजेच्या शौर्याचे आणि अपयशाचे हिशेब पुढे हिरिरीने मांडले गेले, अमुक जात टिकली, तमुक जात डगमगली असे ताळेबंद निघाले, त्यांत मार्सेयच्या धक्क्यावरच्या बंदुका किती जणांनी जमेस धरल्या?

दुसरी वाट मेसोपोटेमियाची. पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिकडे गेल्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत तर वाळवंटातल्या मृगजळाने खरी शिस्तच उधळून लावली. उन्हात हलणाऱ्या हवेत माशीच्या टोकावर दिसते तो माणूस की त्याची छाया, हे कळेना. तरीही ती लढाई जिंकली गेली. पुढे या तिन्ही पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेल्या. त्या शरणागतीत शिपायाच्या नेमाचा काय दोष होता?

आमच्या उस्तादांचे आजोबा बसऱ्याला गेले होते, ते परत आले नाहीत. साताऱ्याकडे आणि कोकणात पुष्कळ गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. उस्तादांच्या गावीही तशी पाटी होती. "पाटीवर आकडा हाय, नाव न्हाई," ते म्हणाले, आणि पुंगळ्या मोजू लागले. त्यांचा हिशेब बरोबर भरला.

स्वातंत्र्यानंतर धडा बदलला असे नाही. १९६२ साली हिमालयात आमचे जवान .३०३ घेऊनच उभे होते. पुढे ईशापूरने त्याच ली-एन्फिल्डच्या घडणीवर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल काढली. पहिल्या नमुन्यावर दोन हजारांपर्यंतच्या खुणांची पट्टी तशीच राहिली होती. नंतरच्या नमुन्यात ती आठशे मीटरांवर आणली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर काही पोलिसांच्या हातात हीच .३०३ होती. तेव्हाही पहिला प्रश्न 'पोलिसाने काय केले' हाच विचारला गेला. 'पोलिसाला काय दिले होते' हा मागाहून.

समाधानाची गोष्ट एवढीच, की जिथे खेळ आहे तिथे हा न्याय नीट पाळला जातो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या खेळात दुर्बीण चालत नाही; पुढे कडी आणि मागे बारीक भोक, एवढेच. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. म्हणून या दर्जाच्या नेमबाजीत रायफल पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडून पाहतात, आणि जी खेप त्या नळीला मानवेल तीच स्पर्धेसाठी ठेवतात. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या काडतुसांतही एक खेप एका नळीला मानवते, दुसरीला नाही. खेळाडूच्या चुकीचा विचार होतो, पण बंदूक आणि काडतूस पारखून झाल्यावर.

गोवंडीची मिठागरे कधीच गेली. हार्बरची गाडी १९९२ पासून खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली. मी आता चष्म्याशिवाय माशी पाहू शकणार नाही. पण एखाद्या हरलेल्या लढाईचे पान उघडले, आणि 'अमुक पलटण कमी पडली' असे वाक्य आले, की मला तो शंभर यार्डांवरचा कागद दिसतो. आधी गट पाहावा, मग माशी, मग काडतूस, आणि माणसाला बोल लावायचाच तर सगळ्यांत शेवटी. उस्तादांनी हे आम्हाला एका सकाळीत शिकवले. मार्सेयला उतरलेल्या आणि कूतला उपाशी राहिलेल्या त्या माणसांच्या वाट्याला एवढा न्याय अजून पुरता आलेला नाही.