रिकॉल झाला, पण गाडी दुरुस्त झाली का?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते पेट्रोलचे पैसे वाचतात, दुसरी म्हणते पेट घेते. रिकॉलबद्दल मात्र दोन्हीकडचे गप्प. कंपनी स्वतःच कबूल करते की आमच्या गाडीत दोष आहे, घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो. पुढे काय होतं? हा इतिहास जेमतेम पाच-सहा वर्षांचा आहे, पण त्यात तोच प्रकार तीनदा घडलाय, म्हणून लिहितोय.

रिकॉलची पद्धत रुळली अमेरिकेत. 1965 मध्ये राल्फ नेडर नावाच्या वकिलाने मोटार कंपन्यांचं पितळ उघडं पाडणारं पुस्तक लिहिलं, 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. पुढची पन्नास वर्षं रिकॉल म्हणजे बहुतेक वेळा एखादा पार्ट बदलणं. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा. पार्ट यायला उशीर व्हायचा, लोक वैतागायचे, पण मेकॅनिक जुना पार्ट काढून हातात देऊ शकायचा. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग पार्ट म्हणजे बॅटरी. ती बदलायची तर कंपनीचं कंबरडं मोडतं. मग आधी सॉफ्टवेअर बदलून बघू, हा मोह होतो.

पहिली गोष्ट कोरियाची. ह्युंदाईच्या कोना गाड्यांना आगी लागायला लागल्या, तेव्हा ऑक्टोबर 2020 मध्ये रिकॉल जाहीर झाला. जगभरात सुमारे 77 हजार गाड्या. उपाय काय, तर सॉफ्टवेअर अपडेट, आणि तपासणीत दोष दिसला तरच बॅटरी बदलायची. डिसेंबरमध्ये भारतातल्या 456 कोनाही बोलावल्या गेल्या. जानेवारी 2021 मध्ये कोरियातल्या दैगू शहरात एक कोना पेटली, आणि तिचा अपडेट आधीच झालेला होता! पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 82 हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं ठरवलं. खर्च एक लाख कोटी वॉन, म्हणजे 90 कोटी डॉलरच्या आसपास.

याच काळात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले बोल्टचं महाभारत सुरू होतं. बॅटरी त्याच कोरियन एलजीची. नोव्हेंबर 2020 मध्ये 68 हजारांवर गाड्यांचा रिकॉल झाला आणि चार्जिंग 90 टक्क्यांवर थांबवणारं सॉफ्टवेअर टाकलं. नंतर नवं सॉफ्टवेअर आलं, कंपनी म्हणाली झालं काम. 1 जुलै 2021 ला व्हरमाँट राज्यातल्या एका आमदाराची बोल्ट त्याच्या दारात जळाली. तिचंही रिकॉलचं काम झालेलं होतं. मग त्याच गाड्यांचा पुन्हा रिकॉल, आणि ऑगस्टमध्ये आजवर बनलेल्या सगळ्याच बोल्ट त्यात आल्या. सुमारे 1 लाख 42 हजार.

मालकांचे हाल बघा. 90 टक्क्यांवर चार्ज करू नका. 113 किलोमीटरपेक्षा कमी रेंज उरू देऊ नका. चार्ज झाली की बाहेर उघड्यावर लावा. रात्री घरात चार्जिंगला लावून झोपू नका. पार्किंगच्या इमारतीत लावायची तर वरच्या उघड्या मजल्यावर, शेजारच्या गाडीपासून 50 फूट लांब! 383 किलोमीटर रेंज सांगून विकलेली गाडी, या अटींत हिशेब केला तर वापरायला उरतात 230 च्या आसपास. हप्ता मात्र पूर्ण.

खरा दोष कारखान्यातला होता. एकाच सेलमध्ये दोन गोष्टी बिघडलेल्या, एक फाटलेली पट्टी आणि एक दुमडलेला पडदा. फाटलेली पट्टी सॉफ्टवेअर कशी शिवणार? शेवटी जुन्या गाड्यांना नव्या बॅटऱ्या मिळाल्या, त्यांची रेंजही जास्त होती. म्हणजे ज्यांनी दम धरला त्यांना लॉटरीच लागली. पण 2020 नंतरच्या बऱ्याच मालकांना जून 2023 मध्ये पुन्हा सॉफ्टवेअरच मिळालं. सुमारे 10 हजार किलोमीटर चालेपर्यंत 80 टक्केच चार्ज, तोवर ते सॉफ्टवेअर बॅटरी तपासणार. खर्चाचा अंदाज 180 कोटी डॉलर, त्यातला बहुतेक बोजा एलजीवर गेला.

तिसरी गोष्ट आपल्या रस्त्यांपर्यंत आलेली आहे. इलेक्ट्रिक गाडीतही साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. लाइट, लॉक, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर. पेट्रोल गाडीत ती अल्टरनेटर चार्ज करतो, ह्युंदाई आयोनिक 5 आणि किआ ईव्ही6 मध्ये ते काम आयसीसीयू नावाचं युनिट करतं. ते जळालं की फट्‌ असा आवाज येतो, स्क्रीनवर इशारे येतात, ताकद कमी होत जाते आणि गाडी थांबते. मागून ट्रक येत असला तर विचार करा. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत रिकॉल झाला, मग भारतात 1,744 आयोनिक 5 आणि 1,138 ईव्ही6. उपाय तोच, सॉफ्टवेअर अपडेट, आणि बिघाडाची नोंद सापडली तरच युनिट बदलणार. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पुन्हा रिकॉल, दोन लाखांवर गाड्या, त्यात पहिल्या रिकॉलच्याही. फेब्रुवारी 2025 मध्ये भारतात पुन्हा 1,380 ईव्ही6. पुन्हा सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. काही दोष खरोखर प्रोग्रॅममध्येच असतात. पण अपडेट टाकला की कंपनीच्या कागदावर गाडी 'दुरुस्त' होते. मालक मात्र पुढची दोन वर्षं टोचनवाल्याचा नंबर जवळ ठेवून फिरतो.

आपल्याकडे कायदा उशिरा आला. 2010 मध्ये नॅनोला आगी लागल्या तेव्हा टाटांनी फुकट जादा संरक्षण बसवून दिलं, पण हा रिकॉल नाही असं ठासून सांगितलं. 2012 मध्ये कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून नियमावली केली, तीही ऐच्छिक. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. त्यात दुरुस्ती आहेच, पण गाडी बदलून देणं आणि पूर्ण पैसे परत करणं हेही आहे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे दोन पर्याय कोणी आपणहून सांगत नाही.

तुमच्या गाडीचा रिकॉल झाला असेल तर जॉबकार्ड नीट वाचा. त्यावर 'अपडेट' लिहिलंय की 'पार्ट बदलला'? आपल्या जिल्ह्यातल्या अशा गाड्यांची यादी मी करतोय. जॉबकार्डचा फोटो पाठवा, नाव छापणार नाही.